अकरा वेळा आमदार म्हणजे किती वर्षे?

प्रश्न : आमच्या घरी एक वाद बरेच दिवस चालू आहे. सांगोल्याचे गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख अकरा वेळा आमदार झाले, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे. वडील म्हणतात, अकरा पंचे पंचावन्न, म्हणजे आबासाहेब ५५ वर्षे आमदार होते. काका ५४ सांगतात. मी १९६२ ते २०१९ असा हिशेब केला तर ५७ येतात. बहिणीने निवडणूक आयोगाचे जुने अहवाल उघडून एकेक निकाल टिपला, तर तिला विजयच दहा सापडले. खरे काय?

उत्तर : सुरुवात बहिणीपासून करतो, कारण कागद उघडून पाहण्याची तसदी घरात फक्त तिने घेतली आहे. तिने मोजले ते अचूक आहे. सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालांत गणपतरावांचे विजय दहाच दिसतात : १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. अकरावा विजय त्या अहवालांत नाही, कारण तो सार्वत्रिक निवडणुकीतला नाही. तो १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे. पोटनिवडणुकांचे निकाल वेगळे ठेवले जातात आणि नुसते मुख्य अहवाल चाळणाऱ्याच्या हातून ते हमखास निसटतात. तेव्हा विजय अकराच. बहिणीला एवढेच सांगा, की आणखी एक फडताळ उघडायचे राहिले.

आता वर्षे. 'अकरा पंचे पंचावन्न' हा पाढा बरोबर, पण विधानसभा पाढ्याप्रमाणे चालत नाही. राज्यघटनेनुसार विधानसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांची असते. ती आधी बरखास्त होऊ शकते आणि आणीबाणीच्या काळात लांबवताही येते. महाराष्ट्रात ही दोन्ही उदाहरणे घडली आहेत आणि दोन्हींचा गणपतरावांच्या हिशेबाशी संबंध आहे.

१९६२ ते १९७२ या दोन टर्म सरळ आहेत. दहा वर्षे पूर्ण. १९७२ च्या मार्चमध्ये ते हरले. १९७४ मध्ये पोटनिवडणूक जिंकून पुन्हा सभागृहात आले. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला नवी पाच वर्षे मिळत नाहीत. आधीच्याची उरलेली मुदत त्याच्या वाट्याला येते. एरवी ती १९७७ मध्ये संपली असती, पण आणीबाणीमुळे त्या विधानसभेची मुदत वाढली आणि निवडणूक थेट १९७८ च्या फेब्रुवारीत झाली. म्हणजे येथे साधारण चार वर्षे धरायची.

१९७८ ची विधानसभा दोनच वर्षे टिकली. १७ फेब्रुवारी १९८० रोजी शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार बरखास्त झाले, राष्ट्रपती राजवट आली आणि विधानसभेच्या सगळ्या आमदारांची आमदारकी त्या दिवशी संपली. मे महिन्याच्या अखेरीस निवडणूक झाली, जूनमध्ये नवी विधानसभा आली. तिथून १९९५ च्या मार्चपर्यंत गणपतराव सलग सभागृहात होते. हा काळ पावणेपंधरा वर्षांचा. १९९५ मध्ये हरले. पुढची विधानसभा लोकसभेच्या निवडणुकीबरोबर मतदान व्हावे म्हणून काही महिने आधीच विसर्जित झाली, त्यामुळे त्यांचा वनवास पाच वर्षांऐवजी साडेचार वर्षांतच संपला. १९९९ च्या ऑक्टोबरपासून २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत चार टर्म, वीस वर्षे.

बेरीज करा. दहा, अधिक सुमारे चार, अधिक दोन, अधिक पावणेपंधरा, अधिक वीस. पन्नाशीच्या थोडे वर उत्तर येते. ५५ नाही, ५४ नाही आणि ५७ तर नाहीच. १९६२ ते २०१९ हा पल्ला साडेसत्तावन्न वर्षांचा खरा, पण त्यातली साडेसहा वर्षे ते सभागृहाबाहेर होते आणि १९८० च्या त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात विधानसभेचा कोणीच आमदार नव्हता.

वडिलांना हा आकडा कमी वाटेल, पण ही घट कमीपणाची मानू नये असे मला मनापासून वाटते. वाढवून सांगितलेल्या ५५ वर्षांत १९७२ आणि १९९५ हे दोन पराभव पुसले जातात. गणपतरावांची कारकीर्द समजून घ्यायची तर नेमके तेच दोन पराभव हातात घेतले पाहिजेत.

१९७२ ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतरची. इंदिरा गांधींची लाट इतकी मोठी होती, की २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या. गणपतराव ज्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) होते, तो १९६७ मध्ये १९ जागांवर होता, तो ७ वर आला. त्या घसरगुंडीत सांगोलाही गेला. पण त्याच वर्षी पाऊस गेला आणि १९७२-७३ चा तो दुष्काळ आला, ज्याची आठवण सोलापूर जिल्ह्यातली म्हातारी माणसे आजही सुकडी आणि खडी फोडण्यावरून काढतात. माणदेशाच्या या पट्ट्यात पाऊस एरवीही बेताचाच. दुष्काळी कामे, मजुरी, धान्य यांसाठी डाव्या पक्षांनी राज्यभर मोर्चे काढले. त्यानंतर लगेच १९७४ ची पोटनिवडणूक आली आणि दोन वर्षांपूर्वी ज्या मतदारांनी गणपतरावांना घरी बसवले, त्यांनीच त्यांना परत बोलावले. दुष्काळ आणि हा निकाल यांची सांगड मी घालतो आहे, ती माझी आहे. तालुक्यातल्या जाणत्यांशी बोलून तुम्ही ती तपासून पाहा.

१९९५ चा पराभव अवघ्या १९२ मतांचा. समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील होते. गंमत अशी, की त्या वर्षी राज्यात काँग्रेस ८० जागांवर घसरली, सत्ता गेली, शिवसेना-भाजपचे सरकार आले आणि सांगोल्यात मात्र काँग्रेस जिंकली. पुढे २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीतून केलेल्या एका फोनमुळे अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी ज्यांचे नाव झाले, तेच हे शहाजीबापू. सांगोलेकरांना त्यांची ओळख त्याआधी पंचवीस-तीस वर्षांची होती. या दोघांची लढत तालुक्यात जवळजवळ सणवारासारखी ठरलेली असे. १९९५ चा अपवाद सोडला तर प्रत्येक वेळी गणपतराव जिंकले. २०१४ मध्ये, वयाची सत्त्याऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, त्यांना ९४,३७४ मते मिळाली आणि शिवसेनेकडून लढलेल्या शहाजीबापूंना ६९,१५०. लीड पंचवीस हजारांवर.

प्रश्न : मग हा देशातला विक्रम आहे का? तसे अनेक ठिकाणी वाचले आहे.

उत्तर : महाराष्ट्रात अकरा वेळा विधानसभेवर निवडून आलेला दुसरा आमदार नाही. देशात मात्र त्यांच्यापुढे काही नावे आहेत आणि ती आदराने सांगायला हवीत.

तमिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ मध्ये कुळितलैतून पहिल्यांदा निवडून आले आणि २०१६ मध्ये तिरुवारूरमधून शेवटचे. तेरा लढती, तेरा विजय. पण त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले आणि १९८३ व १९९१ मध्ये राजीनामाही दिला, त्यामुळे त्यांच्याही वर्षांची बेरीज तेरा पंचे पासष्ट होत नाही.

केरळचे के. एम. मणी यांचे उदाहरण तुमच्या घरच्या वादाला फार उपयोगी पडेल. पाला हा एकच मतदारसंघ, तेरा विजय, पराभव नाही. पण त्यातला पहिला विजय १९६५ चा. त्या वर्षी केरळात कोणालाच बहुमत मिळाले नाही आणि विधानसभा एकदाही न भरता विसर्जित झाली. निवडून आले, पण सभागृहाची पायरी चढलेच नाहीत. मग तो विजय मोजायचा की नाही? निवडणुका मोजणारा म्हणेल तेरा, टर्म मोजणारा म्हणेल बारा. दोघेही खरे बोलतात.

केरळचेच ओमन चंडी पुदुपल्लीतून १९७० ते २०२१ अशा लागोपाठ बारा निवडणुका जिंकले आणि २०२३ मध्ये आमदार असतानाच गेले.

आपल्या शेजारी गोव्यात प्रतापसिंह राणे आहेत. १९७२ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडून सत्तरीतून निवडून आले, पुढे काँग्रेसमध्ये गेले, १९८९ पासून पर्ये मतदारसंघ आणि २०१७ पर्यंत अकरा विजय. एकदाही हार नाही. आमदारकीची पन्नास वर्षे झाली म्हणून गोवा सरकारने जानेवारी २०२२ मध्ये त्यांना आजीवन कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा दिला. त्यांच्या हिशेबातही एक बारकावा आहे. गोवा राज्य झाले ३० मे १९८७ रोजी. त्याआधीच्या चार विजयांच्या वेळी गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. 'राज्याचा आमदार' हा शब्द काटेकोरपणे घेणारा कोणी निघाला तर तो राण्यांच्या खात्यातली ती वर्षे वेगळी काढेल. मी काढणार नाही. मत देणारी सत्तरीची माणसे तीच होती.

सध्याच्या महाराष्ट्र विधानसभेत मुंबईतील वडाळ्याचे कालिदास कोळंबकर १९९० पासून लागोपाठ नऊ वेळा निवडून आलेले आहेत. त्यात शिवसेना, काँग्रेस आणि भाजप अशी तीन चिन्हे आली. संगमनेरचे बाळासाहेब थोरात १९८५ पासून आठ वेळा जिंकले आणि २०२४ मध्ये हरले.

ही सगळी यादी समोर ठेवली की गणपतरावांचे वेगळेपण कुठे आहे ते दिसते. विजयांच्या संख्येत ते तिसरे-चौथे ठरतील. सांगोल्यात १९६२ ते २०१४ या काळात पोटनिवडणूक धरून तेरा वेळा मतदान झाले, आणि तेराही वेळा ते एकाच मतदारसंघात, एकाच पक्षाकडून उभे राहिले. शिवाय तो पक्ष राज्यात कधी स्वतःच्या बळावर सत्तेत आला नाही. करुणानिधी, चंडी, राणे हे मुख्यमंत्री झाले. मणी वर्षानुवर्षे अर्थमंत्री होते. गणपतराव पन्नास वर्षांत मंत्री झाले ते दोनदाच : १९७८ मध्ये पुलोद सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, पणन आणि रोजगार हमी ही खाती घेऊन. दोन्ही काळ मिळून साडेचार वर्षेही भरत नाहीत. बाकी सगळा काळ विरोधी बाकांवर किंवा सत्तेच्या कडेला. १९७७-७८ मध्ये ते विरोधी पक्षनेतेही होते.

प्रश्न : आमच्या भागात आमदार पक्ष बदलतात तेव्हा म्हणतात, 'सत्तेत असल्याशिवाय कामे होत नाहीत.' हे खरे असेल तर सांगोल्याच्या लोकांनी सत्तेबाहेरच्या माणसाला इतक्या वेळा का निवडले?

उत्तर : तुमचा हा प्रश्न मला तिन्हींत सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर एका आकड्यात मिळत नाही.

आधी पक्ष बघू. शेकाप काँग्रेसमधून फुटून १९४७-४८ च्या सुमारास उभा राहिला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही त्याची मोठी नावे. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याने मार्क्सवादाची वाट धरली. जेधे पुढे काँग्रेसमध्ये परतले, मोरेही गेले, त्यांच्यामागे कितीतरी गेले. गणपतराव पहिल्यांदा निवडून आले त्या १९६२ च्या विधानसभेत काँग्रेसच्या २१५ जागा होत्या आणि शेकापच्या १५, तरीही तो विरोधकांतला सर्वांत मोठा पक्ष होता. नंतरचे आकडे असे : १९७८ मध्ये १३, १९८५ मध्ये १३, १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५, २००४ मध्ये २, २००९ मध्ये ४, २०१४ मध्ये ३. रायगडचा पट्टा, मराठवाड्यात कंधार-लोह्याकडचा भाग आणि सांगोला, एवढीच बेटे उरली. पक्ष असा ओसरत असताना त्यातला एक माणूस जिंकत राहिला. मोठ्या पक्षांची दारे त्यांना बंद नव्हती. ते गेले नाहीत.

मतदारांच्या बाजूने पाहिले तर मला तीन गोष्टी दिसतात, आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

सर्वांत जड गोष्ट पाण्याची. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरला जन्मलेले, पुण्यात कायदा शिकलेले गणपतराव वकिली करायला सांगोल्यात आले, तेव्हा त्यांनी राज्यातल्या अतिशय कोरड्या तालुक्यांपैकी एक निवडला होता. माण नदी वर्षातले बहुतेक दिवस वाळूची. अशा ठिकाणी लोक आमदाराला पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतात. १९९० च्या दशकात आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव अशी वेगवेगळ्या प्रकृतीची माणसे त्या मांडवात एकत्र बसली. मागणी अशी, की कृष्णेचे पाणी नदीकाठच्या उसापुरते राहू नये, ते उचलून माणदेशात आणावे आणि त्याचे समन्यायी वाटप व्हावे. तेरा तालुक्यांची ही चळवळ वर्षामागून वर्षे चालली. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने वर चढवत आटपाडी-सांगोल्याकडे नेणारी टेंभू योजना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे काम किती अवघड आहे ते सांगावे लागत नाही. दोन-तीन दशके रेंगाळलेल्या अशा योजनेचा पाठपुरावा करायला एकच माणूस सतत लागतो. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, फाइल मागच्या पानावर जाते. तिची मागची पाने ज्याला पाठ आहेत असा आमदार सभागृहात असणे, हीच त्या तालुक्याची सत्ता होती. 'सत्तेत असल्याशिवाय कामे होत नाहीत' या वाक्याला माझे उत्तर हे आहे.

दुसरी गोष्ट रोजगाराची. सांगोल्याच्या डाळिंबाचे नाव आज सगळीकडे आहे. १९९० मध्ये सरकारने फळबाग लागवडीला रोजगार हमी योजनेची जोड दिली, शेतकऱ्याला स्वतःच्या रानात झाडे लावायला पैसा मिळाला, आणि कमी पाण्यावर तग धरणारे डाळिंब या माळरानाला मानवले. हे श्रेय एकट्या कोणाचे नाही, ते मुख्यतः शेतकऱ्यांचे. पण तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, ती गणपतरावांच्या पुढाकाराने. जिथे ऊस पोसायला पाणी नाही, तिथे हातांना काम देणारा उद्योग सुताचा असू शकतो, हा विचार त्यामागे असावा असे मी समजतो.

तिसरी गोष्ट लोक आधी सांगतात, मी ती शेवटी सांगतो : साधेपणा. एसटीने फिरणारा आमदार अशी त्यांची ख्याती होती. ती खरीच होती. पण नुसत्या साधेपणावर अकरा वेळा कोणी निवडून येत नाही. महाराष्ट्रात साधे राहून डिपॉझिट गमावलेले सज्जन उमेदवार थोडे नाहीत. एसटीतून फिरण्याचा खरा उपयोग वेगळा असावा : त्या प्रवासात शेजारी बसलेला माणूस आमदाराशी अर्जाविना बोलू शकतो.

मित्रपक्षांचा हिशेबही सोडून चालणार नाही. राष्ट्रवादी काँग्रेसशी असलेल्या समझोत्याचा गणपतरावांना शेवटच्या काही निवडणुकांत फायदा झाला. लहान पक्षाचा माणूस एकट्याच्या मतांवर इतका काळ टिकत नाही आणि हे मान्य केल्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही.

२०१९ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या गणपतरावांनी उभे न राहायचे ठरवले. शेकापने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली. पुन्हा समोर शहाजीबापू, आणि निकाल लागला ७६८ मतांनी, शहाजीबापूंच्या बाजूने. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून उभे राहिले आणि शहाजीबापूंना पंचवीस हजारांहून अधिक मतांनी हरवून विधानसभेत गेले. २८८ जणांच्या त्या सभागृहात शेकापचा तेवढा एकच आमदार आहे, आणि तो सांगोल्याचा.